बंद ट्यूबमधल्या पुडीचा हिशेब

ट्यूबलाइटला आता मुदत लागली आहे. पाऱ्याच्या वापराला जगभर आवर घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांची बैठक २०२३ मध्ये जिनिव्हात झाली. लांब फ्लुओरेसंट नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची असं तिथे ठरलं. जुन्या हॅलोफॉस्फेट पुडीच्या नळ्यांना २०२६ ची मुदत मिळाली, तीन रंगांच्या पुडीच्या नळ्यांना २०२७ ची. भारताने हा करार २०१८ मध्येच मंजूर केला आहे.

कारखाना थांबला म्हणून भिंतीवरची ट्यूब लगेच उतरत नाही. शाळांचे वर्ग, सरकारी कचेऱ्या, इमारतींचे जिने, लहान वर्कशॉप इथल्या नळ्या पुढची कित्येक वर्षं एकेक करून जात राहतील. प्रत्येकीच्या आत काचेला चिकटलेली काही ग्रॅम पांढरी पूड असते. तिला फॉस्फर म्हणतात. या जुन्या पुडीचं काय करायचं, आणि नव्या दिव्यांत कोणती पर्यायी पूड घालायची, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळ्या खात्यांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. कोणतीही पूड निवडण्याआधी तीन गोष्टींचं उत्तर मागायला हवं: ती येते कुठून, हाताळतं कोण आणि शेवटी जाते कुठे. आजवर एकेका वेळी यांतला एकेक प्रश्न राहून गेला आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली. ती कशी, ते मुद्देवार मांडतो.

१. उजेड पुडीचा असतो

ट्यूबच्या आत आर्गॉनसारखा वायू आणि काही मिलिग्रॅम पारा असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या आतल्या अंगाला लावलेलं फॉस्फर ते किरण शोषून घेतं आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात जी यूव्ही नळी असते, ती जवळपास हाच दिवा, फक्त पूड न लावलेला आणि अतिनील किरण बाहेर सोडणाऱ्या खास काचेचा. म्हणून तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये असं बजावलेलं असतं.

थोडक्यात, दिवा कसला हे पूड ठरवते. उजेडाचा रंग, विजेची बचत, किंमत, आणि आता बंदीची तारीखसुद्धा पुडीवरून ठरली आहे. एवढ्या महत्त्वाच्या पदार्थाविषयी ग्राहकाला, नगरसेवकाला किंवा सफाई कर्मचाऱ्याला कोणी काही सांगत नाही, इथूनच अडचण सुरू होते.

२. पहिला पर्याय हाताशी होता, तरी माणसं आजारी पडत राहिली

अमेरिकेत १९३८ मध्ये फ्लुओरेसंट नळ्या बाजारात आल्या. त्या काळच्या पुडीत झिंक-बेरिलियम सिलिकेट वापरत. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांत गेली की त्यातून वर्षानुवर्षं छळणारा आजार जडतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम गावच्या दिव्यांच्या कारखान्यात तरुण कामगारांना, त्यांतही अनेक बायकांना, धाप लागू लागली. वजन घटू लागलं. डॉ. हॅरिएट हार्डी आणि डॉ. आयर्विंग टॅबरशॉ यांनी १९४६ मध्ये या रुग्णांवर शोधनिबंध लिहून बेरिलियमकडे बोट दाखवलं. अमेरिकेतल्या दिवे बनवणाऱ्यांनी बेरिलियमची पूड थांबवली ती १९४९ मध्ये.

आता दुसरी तारीख बघा. इंग्लंडमध्ये मॅक्किग आणि रॅन्बी या दोन संशोधकांनी कॅल्शियम हॅलोफॉस्फेटची पूड १९४२ मध्येच शोधली होती. त्यात थोडं अँटिमनी आणि थोडं मँगनीज घातलेलं असतं. बेरिलियम अजिबात नाही, शिवाय पूड स्वस्त आणि उजेडही चांगला. म्हणजे पर्याय सापडल्यापासून घातक पूड थांबेपर्यंत सात वर्षं गेली. त्यात महायुद्धाचा काळ होता हे खरं. तरीही प्रयोगशाळेत पर्याय सापडला म्हणून कारखान्यातला माणूस आपोआप वाचत नाही, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा. धूळ खाणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोलावं लागतं, आणि ते वेळेवर बोलावं लागतं.

३. तुमच्या ट्यूबवरचा आकडा वाचा

हॅलोफॉस्फेटने पुढे अनेक दशकं जग उजळलं. पण त्या उजेडात कापडाचा, भाजीचा, कातडीचा रंग फिका पडतो. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी तीन वेगवेगळ्या पुडी एकत्र केल्या. लाल रंगासाठी युरोपियम मिसळलेलं इट्रियम ऑक्साइड, हिरव्यासाठी टर्बियम आणि निळ्यासाठी पुन्हा युरोपियम. हीच तीन रंगांची पूड. सीएफएल आणि बारीक नळ्या शक्य झाल्या त्या तिच्यामुळे, आणि विजेची बचत झाली तीही तिच्यामुळे.

आपल्या घरातली ट्यूब कोणती, हे ओळखणं सोपं आहे. टोकाजवळ काचेवर छापलेलं वाचा. वॉटच्या पुढे तीन आकडी संख्या असते. ती ७६५ असेल तर साधारणपणे हॅलोफॉस्फेट समजायचं. ८६५ किंवा ८४० असेल, म्हणजे पहिला आकडा आठ असेल, तर आत तीन रंगांची पूड आहे. पहिला आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगतो, पुढचे दोन उजेडाची छटा सांगतात. म्हणजे कसलंही उपकरण न वापरता, नुसतं वाचता येणाऱ्या माणसाला युरोपियम-टर्बियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं असलेली नळी बाजूला काढता येते. या साध्या गोष्टीचा उपयोग पुढे सांगतो.

४. दुसरा पर्याय उत्तम होता, पण उशिरा आला

इट्रियम, युरोपियम, टर्बियम ही दुर्मीळ मृदा गटातली मूलद्रव्यं. जगाच्या उत्पादनाचा फार मोठा वाटा चीनच्या हातात आहे. २०१० मध्ये चीनने निर्यातीचा कोटा झपाट्याने कमी केला आणि २०११ च्या मध्यापर्यंत युरोपियम-टर्बियमच्या ऑक्साइडचे भाव कित्येक पटींनी चढले. तेव्हा कुठे दिव्यांच्या धंद्याला जाग आली.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१३ मध्ये आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत क्रिटिकल मटेरियल्स इन्स्टिट्यूट उभी केली. तिच्यामार्फत लॉरेन्स लिव्हरमोर आणि ओक रिज या राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून दोन नव्या पुडी तयार केल्या. हिरव्या पुडीत टर्बियम नव्वद टक्क्यांनी कमी. लाल पुडीत युरोपियमही नाही, इट्रियमही नाही. हे काम २०१५ च्या सुमारास जाहीर झालं. त्याच जनरल इलेक्ट्रिकने २०१६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन बाजारासाठी सीएफएल बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं, कारण तोवर एलईडी स्वस्त झाला होता.

ते संशोधन वाया गेलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण टंचाई आल्यावर सुरू केलेलं संशोधन टंचाई ओसरल्यावरच पूर्ण होतं, हे त्यातून दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर निर्यात-नियंत्रण लावलं. त्यांत टर्बियम आहे आणि इट्रियमही. आपण पुन्हा भाव चढायची वाट बघणार आहोत का?

५. आपल्या वाळूत जे कमी, ते आपल्या ट्यूबमध्ये आहे

भारताकडे दुर्मीळ मृदा नाही असं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडतं. १९५० मध्ये स्थापन झालेली आणि आज आयआरईएल म्हणून ओळखली जाणारी सरकारी कंपनी त्यावर काम करते. पण आपल्या मोनाझाइटमध्ये मुख्यतः सेरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम अशी हलकी मूलद्रव्यं असतात. युरोपियम, टर्बियम, इट्रियम फारच थोडी.

याच तीन वस्तू आपण गेली कित्येक वर्षं सीएफएल आणि बारीक नळ्यांच्या पोटात घालून देशात आणल्या. त्या आधीच वेगळ्या केलेल्या, शुद्ध केलेल्या आणि चिमूटभर जागेत साठलेल्या आहेत. खाण खणायची नाही, जंगल तोडायचं नाही, वाळू उपसायची नाही. बंद पडलेली नळी न फोडता गोळा करायची, एवढंच. आणि ही शेवटची खेप आहे. ती गेली की पुन्हा येणार नाही.

६. पण आज ही पूड कोणाच्या अंगावर जाते?

भंगाराच्या दुकानामागे ट्यूब फोडण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. बंद ट्यूबमधलं विकलं जातं ते म्हणजे दोन टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या. काचेला गिऱ्हाईक नसतं. टोपी पिळून काढताना काच तडकते, हवा आत शिरल्याचा फट्ट आवाज होतो आणि बारीक पांढरी पूड बोटांवर, मनगटावर, पदरावर बसते. टोपी पोत्यात जाते. काच कोपऱ्यातल्या ढिगावर. पूड झटकली जाते. हात धुवायला बहुतेक वेळा पाणीही जवळ नसतं.

पूड नुसती पूड नसते. दिवा जसा जुना होत जातो, तसा आतला पारा काचेत आणि फॉस्फरमध्ये मुरत जातो. म्हणजे अंगावर बसलेल्या पुडीत पारा असतो आणि फुटल्या क्षणी थोडी वाफही बाहेर पडते. एका सीएफएलमधला पारा तीन ते पाच मिलिग्रॅम, जुन्या जाड नळीत त्याच्या काही पट. एक ट्यूब घरात फुटली तर घाबरून जाण्याचं कारण नाही. खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर थांबावं, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत, ओल्या कागदाने पुसावं आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. पण रोज डझनावारी नळ्या फोडणाऱ्या माणसाला हा सल्ला काय कामाचा?

कायद्यात याची दखल नव्हती असंही नाही. केंद्राने २०१६ मध्ये काढलेल्या घनकचरा नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं. त्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ सुमारे ४३७ चौरस किलोमीटर धरलं तर ही केंद्रं किमान २२ होतात. तुमच्या वॉर्डाचं केंद्र कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर कागदावर ते असो वा नसो, तुमच्या ट्यूबच्या दृष्टीने ते नाहीच.

पुण्यात कचरावेचकांची संघटना, म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून काम करते. सॅनिटरी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडावं लागणार नाही, ही मोहीम पुण्यातच रुजली. ठिपक्याला खर्च नाही, पण त्यातून समोरच्या माणसाचा विचार दिसतो. ट्यूबच्या बाबतीतही असं काही करणं आपल्या हातात आहे.

७. मोजलं जातं तेच गोळा होतं

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल पुनर्वापरात आणायचा आणि नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडून तशी प्रमाणपत्रं घ्यायची, अशी त्यातली व्यवस्था. पण ही प्रमाणपत्रं सुरू झाली ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. ट्यूबमध्ये यातलं काय आहे? टोप्यांचं ॲल्युमिनियम आणि किरकोळ तारा. ज्या दोन गोष्टींसाठी ट्यूब जपून हाताळायची, तो पारा आणि ती दुर्मीळ मूलद्रव्यं, त्या हिशेबात त्यांना किंमतच नव्हती. मग प्रक्रिया केंद्र ट्यूब कशाला मागेल? ती जागा खाते, वाटेत फुटते आणि पैसे देत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. दिव्यांच्या पुडीला त्यात स्पष्ट जागा मिळावी, ही मागणी महाराष्ट्राने केली पाहिजे. बॅटऱ्यांचं वजन मोठं म्हणून सगळं लक्ष तिकडे जाईल आणि ग्रॅममध्ये मोजायची पूड विसरली जाईल, अशी मला भीती वाटते.

८. 'हे परवडत नाही' या आक्षेपाविषयी

हा आक्षेप पोकळ नाही. फ्रान्समध्ये सॉल्वे कंपनीने २०१२ मध्ये दिव्यांच्या पुडीतून दुर्मीळ मूलद्रव्यं काढायचा प्रकल्प सुरू केला. तंत्र चाललं. पण भाव कोसळले, एलईडी आल्याने नळ्या घटू लागल्या आणि २०१६ अखेर ते काम बंद पडलं.

यातून आपण काय घ्यायचं? माझं उत्तर असं. पारा काढण्यासाठी नळ्या बंदिस्त यंत्रात फोडणं, टोप्या, काच आणि पूड वेगळी करणं, पूड तापवून पारा उडवणं आणि तो पुन्हा गोठवून गोळा करणं, हा खर्च आपल्याला आरोग्यासाठी करायचाच आहे. तो टाळायची मुभा नाही. त्यानंतर पारामुक्त पूड हातात राहतेच. ती नासत नाही, कुजत नाही. आज भाव नसेल तर डबाबंद करून ठेवा. मात्र साठवताना ७६५ आणि ८६५ च्या नळ्यांची पूड एकत्र करू नका. स्वस्त हॅलोफॉस्फेट मिसळलं की महागड्या पुडीचा कस कमी होतो आणि नंतर वेगळं करण्याचा खर्च वाढतो. तीन रंगांच्या पुडीतला लाल भाग, म्हणजे इट्रियम-युरोपियमचा, आम्लात सहज विरघळतो. हिरवा आणि निळा भाग चिवट असतो. म्हणजे सुरुवात करायला सोपं टोक उपलब्ध आहे.

९. एलईडीमध्येही पूड आहे

एलईडीत पारा नाही, ही मोठीच सुधारणा. पण पांढरा एलईडी म्हणजे निळा उजेड देणारी चिप आणि तिच्यावर बसवलेलं पिवळं फॉस्फर. ते बहुतेक वेळा सेरियम मिसळलेलं इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट असतं. म्हणजे इट्रियम इथेही आहेच. ट्यूबच्या मानाने अगदी थोडं, पण चिकट थराखाली असं बसलेलं की परत काढणं फार कठीण. म्हणून एलईडीच्या बाबतीत खरी बचत एकच: दिवा जास्त वर्षं टिकवणं. बहुतेक वेळा आधी जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला योग्य वीज पुरवणारं सर्किट. तो बदलता येईल असा दिवा बनवणं ही पुडीचीच बचत आहे. गावोगावचे इलेक्ट्रिशियन आजही ड्रायव्हर बदलून बल्ब दुरुस्त करून देतात. सरकारी खरेदीने त्यांच्या बाजूने उभं राहावं.

उजेड अधिक उबदार व्हावा म्हणून हल्ली लाल फॉस्फर घालतात. त्यातलं एक, मँगनीज मिसळलेलं पोटॅशियम फ्लुओसिलिकेट, दुर्मीळ मूलद्रव्यांपासून पूर्ण मुक्त आहे. पर्याय म्हणून उत्तम. पण ते बनवायच्या रूढ पद्धतीत हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. हे आम्ल कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतं. म्हणजे 'येते कुठून' याचं उत्तर चांगलं आणि 'हाताळतं कोण' याचं उत्तर धोक्याचं. सेलमची आठवण ठेवायची ती इथे.

या कामासाठी लागणारी माणसं आपल्याकडे आहेत. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात फॉस्फरवर अनेक वर्षं काम झालं आहे. डॉ. एस. व्ही. मोहरील, डॉ. संजय ढोबळे ही नावं या विषयाच्या अभ्यासकांना परकी नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेली ज्वलन-पद्धत अशा प्रयोगशाळांत रुळली आहे. धातूंची नायट्रेट आणि युरिया थोड्या पाण्यात कालवून सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं. मिश्रण उकळतं, फेसाळतं, पेट घेतं, आणि काही मिनिटांत हलकी, फुगीर पूड बशीत उरते. त्याच नागपुरात नीरी ही पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था आहे. नवी पूड शोधणारे आणि जुन्या पुडीचा घातक भाग ओळखणारे एकाच शहरात असताना त्यांना एका कामाला लावणं हे राज्याचं काम आहे.

१०. म्हणून मागण्या

अ. प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने पुढच्या आमसभेत एक ठराव करावा: बंद ट्यूब आणि सीएफएल घंटागाडीत किंवा भंगारात जाणार नाहीत. नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या उभ्या ठेवाव्यात, खोक्यावर 'पारा' असं ठळक लिहावं आणि वर्षातून दोनदा नोंदणीकृत केंद्राकडे द्याव्यात.

आ. महापालिका आणि नगरपालिकांनी संकलन केंद्रांचे पत्ते वॉर्ड ऑफिसच्या फलकावर आणि घंटागाडीवर लावावेत. नळ्या वाहून नेण्यासाठी वेगळं वाहन आणि ठरलेला वार असावा. हे काम कचरावेचकांच्या संस्थांना मोबदला देऊन द्यावं, हातमोजे आणि मास्कसह. नळी न फोडता आणणाऱ्याला टोप्यांच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळाले, तर ती कोणी फोडणार नाही.

इ. शाळा, महाविद्यालयं, रुग्णालयं आणि सरकारी कचेऱ्यांनी एलईडी बसवण्याच्या निविदेतच उतरवलेल्या ट्यूब कुठे गेल्या याची पावती बंधनकारक करावी. एकाच इमारतीतून शेकडो नळ्या उतरतात त्या अशाच वेळी. बिल त्या पावतीशिवाय मंजूर होऊ नये.

ई. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने किती ट्यूब गोळा झाल्या, किती पारा परत मिळाला आणि किती पूड साठवली, हे तीन आकडे दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध करावेत.

उ. केंद्राने ई-कचऱ्याच्या प्रमाणपत्रांत पारा आणि दिव्यांची पूड मोजावी.

ऊ. पर्यायी फॉस्फरच्या प्रत्येक सरकारी संशोधन प्रकल्पाच्या अर्जात तीन रकाने सक्तीचे असावेत: कच्चा माल कुठला, बनवताना कामगाराला धोका कोणता, आणि दिवा बंद पडल्यावर पूड परत कशी काढणार.

यातल्या पहिल्या मागणीसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. २०२७ नंतर नवी ट्यूब मिळेल न मिळेल, जुन्या मात्र आपल्याच छताला आहेत. त्या कोणाच्या हातात फुटणार, हे आपण ठरवायचं आहे, आणि ते या वर्षीच्या आमसभेत ठरवता येतं.